माझी हद्द डाव्या वळणापर्यंत

मी एक जुनी नस आहे. एकाहत्तर वर्षांची. माझ्यातून रक्त वाहत नाही, निरोप वाहतात. मेंदूच्या तळापासून निघते, मानेतून उतरते, हृदयाला 'जरा दमानं' असं सांगून पोटात शिरते. इतकी हिंडते म्हणून डॉक्टरांनी माझं नाव व्हेगस ठेवलं, म्हणजे भटकी. मित्रांनो, आयुष्यभर इमानाने नोकरी केली आणि कागदोपत्री भटकी ठरले. असो.

माझी मालकीण पिल-सुन. कोरियातल्या तोंगयोंग बंदराच्या धक्क्यावर कालवं फोडते. ती आईच्या पोटात असतानाच मी धाग्याधाग्याने विणली गेले आणि तिच्या पहिल्या घोटापासून कामाला लागले. घास गिळला की मी अन्ननळीला म्हणते, 'ढकल.' जठराला म्हणते, 'सैल हो, पाहुणा येतोय.' तो आला की, 'आता घुसळ.' आतड्याला स्वतःची अक्कल आहे, ते माझ्यावाचूनही वळवळतं. जोर लाव की सावकाश घे, एवढंच मी सांगते. माझे बहुतेक धागे तर खालच्या तक्रारी वर नेण्यातच गुंतलेले असतात.

तक्रारी कमी नव्हत्या. पिल-सुन उभ्याने जेवायची, हातातली सुरी खाली न ठेवता, उकळतं सूप आणि भात चार मिनिटांत. जठर ओरडायचं, 'चावून तरी पाठव की बाई!' मी वर कळवायचे. वरून उत्तर यायचं नाही. जेवण छान झालं की कौतुक कोबीच्या किमचीचं व्हायचं. नसेला कुणी कधी शाबासकी दिलेली तुम्ही ऐकलीत?

मग लेकीचं लग्न झालं आणि विहीणबाई मिळाल्या. चिंजू शहरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. पाठ इतकी ताठ, की खुर्चीलाही पाठ असते हे त्यांना ठाऊक नसावं. त्यांचा फोन आला की धास्तीच्या नसा मला बाजूला सारून पोटाचं काम बंद पाडायच्या. फोन ठेवेपर्यंत जठरातला भात सावधानमध्ये उभा.

मागच्या महिन्यात आतड्याला पीळ पडला. डॉक्टरांनी पोट उघडून तो सोडवला, टाके घातले. पण हात लागल्यावर आतडं रुसलं आणि निपचित पडलं. मी हाका मारत राहिले. एक दिवस, दोन दिवस, तीन. पोट ढोलासारखं फुगलं.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "आजी, संध्याकाळपर्यंत वारा सरायला हवा. नाहीतर नाकातून नळी घालू. तरीही आतडं हललं नाही, तर पुन्हा पोट उघडावं लागेल."

पिल-सुनने चादर मुठीत घट्ट धरली. पुन्हा पोट उघडायचं या विचाराने तिचे ओठ पांढरे पडले होते. तिचा नवरा दो-चुल दर अर्ध्या तासाने दारातून डोकं घालू लागला.

"अगं, पादलीस का?"

"तुम्ही विचारलंत की आहे तोही मागे फिरतो. जा बघू!"

"धक्क्यावरच्या सगळ्या बायका फोन करून विचारताहेत."

"त्यांना म्हणावं, कालवं फोडा!"

दुपारी नर्सबाईंनी तिला च्युइंगम दिलं. "आजी, नुसतं चघळा. गिळू नका हं."

तोंड हललं, लाळ सुटली, आणि मी फसले! मला वाटलं जेवण आलं. आयुष्यात पहिल्यांदाच बाई इतकं चावून खात होती. मी आनंदाने जठराला उठवलं, आतड्याला आणखी एक हाक दिली, आणि मित्रांनो, आतडं हललं! आधी कुरबुर, मग गुडगुड. वारा एकेक वळण घेत पुढे सरकला. मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणावर माझी हद्द संपते. तिथे मी तो ओटीपोटाच्या नसांच्या स्वाधीन केला. त्यांनी चोख काम केलं. वारा शेवटच्या दारापाशी पोहोचला. ते दार मात्र माझंही ऐकत नाही आणि त्यांचंही. त्याची किल्ली खुद्द मालकिणीकडे.

नेमका तेव्हाच खोलीचा दरवाजा उघडला. विहीणबाई!

पिल-सुनने जमेल तेवढी मान झुकवली, आणि खालचं दार कडेकोट बंद केलं.

"विहीणबाई, तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

"छे, मलाच यायला उशीर झाला. चेहरा किती उतरलाय तुमचा."

वाऱ्याने पोटात ठोसे मारायला सुरुवात केली. पिल-सुनला दरदरून घाम फुटला. घड्याळात पाच वाजले होते. मी वर निरोपावर निरोप धाडले: सोड, बाई, सोड! वरून उत्तर आलं, 'विहीणबाईंसमोर? त्यापेक्षा पोट उघडू देत.'

एवढ्यात दो-चुलने डोकं आत घातलं. "पादलीस का गं?"

मग त्याला विहीणबाई दिसल्या. तो इतका खाली वाकला की कपाळ पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटलं.

विहीणबाईंनी घड्याळ पाहिलं, पोट पाहिलं, घाम पाहिला. बत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला चेहरा वाचायला वेळ लागत नाही.

"माझ्यामुळे अडलंय?" त्यांनी विचारलं.

पिल-सुनचे डोळे भरून आले. तिने होकारार्थी मान हलवली.

विहीणबाई उठल्या. खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, दोन्ही कानांत बोटं घातली, आणि सकाळच्या कवायतीच्या खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "एक! दोन! तीन! चार! गुडघे वर! पाच! सहा!" आणि खरोखरच गुडघे वर!

पिल-सुनला हसू फुटलं. हसताना टाके दुखले, ती "आई गं" म्हणाली, पुन्हा हसली, आणि किल्ली हातातून सुटली.

आवाज दणदणीत होता. दो-चुल कॉरिडॉरमध्ये धावला. "पादली! नर्सबाई, माझी बायको पादली!" तो रडत होता. कॉरिडॉरमधून टाळ्या ऐकू आल्या.

"झालं?" पाठमोऱ्या विहीणबाईंनी विचारलं.

"झालं, विहीणबाई."

"मला काहीही ऐकू आलेलं नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.

मित्रांनो, तुमच्या पोटातही माझ्यासारखी एक भटकी आहे. तिला शाबासकी नको. बसून जेवा, चावून खा, आणि तिने आणून दिलेलं अदबीपायी अडवून धरू नका.

दुसऱ्या दिवशी तांदळाची पातळ पेज आली. विहीणबाईंनी पहिला चमचा फुंकून पिल-सुनच्या तोंडाशी धरला. या बाईंसमोर मला पहिल्यांदाच कुणी अडवलं नाही. मी जठराला म्हटलं, 'सैल हो. घरचं माणूस भरवतंय.'