अवसेचं दूध

आमच्या घरातली मेंढरं आजोबांच्या काळातच गेली. त्या जिण्यातला एक नेम तेवढा मागे राहिला : अवसेचं दूध विकायचं नाही. ते खंडोबाचं, दारात येईल त्याला द्यायचं. पिंपरी पेंढारच्या गोठ्यातल्या तीन गायींवरही माझ्या वडिलांनी, म्हणजे दादाभाऊंनी, तो तसाच चालवला.

मी देव मानीत नाही. गेल्या वर्षी हे त्यांना सांगितलं, तेव्हा वैरण तोडता तोडता ते ‘बरं’ एवढंच म्हणाले. त्या एका शब्दात मी त्यांना गमावलं की काय, या शंकेने वर्षभर मी त्यांच्याकडे नीट पाहू शकलो नव्हतो.

यंदा कार्तिकातल्या अवसेला ते पाय मोडून मंचरच्या दवाखान्यात होते. धार मी काढली. डेअरीची गाडी दारात आली, तिला हातानेच पुढे जायला सांगितलं. का, ते मला सांगता आलं नसतं.

लंकाबाई आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी ओसरीवर किटली ठेवली.

“देवाचं नाव घे अन् वत, आदेशा.”

“आजी, मी देव मानत नाही. नुसतंच ओततो.”

“मंग हे दूध कुणाचं?”

“आमचंच.”

त्यांनी किटली उचलली. “मंग नगं. देवाचं व्हतं तवर घ्यायला लाज न्हाई वाटली. तुझं घेतलं तर उपकार झाला, राव.”

त्या अंगणाच्या कडेला पोचल्याही. इतकी वर्षं वडील देवाचं नाव घेत आले, त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली गेली नव्हती. ते नाव मलाही उच्चारता आलं असतं. पण त्यांच्या नेमात खोटं मिसळणं जमेना.

“थांबा, आजी. चुकलं माझं. आज हे आमचं नसतंच.”

“मंग कुणाचं?”

“ते ठाऊक नाही. आमचं नाही, एवढं ठाऊक आहे.”

“शिकून लईच अवघड बोलाया लागलास.” त्या मागे फिरल्या, झाकण काढलं. “काठोकाठ वत. तुझं न्हाई ना?”

दुपारी दवाखान्यात वडिलांनी आधी तेच विचारलं, “लंकाबाईनं नेलं?”

मी काही न लपवता सगळं सांगितलं. 

“माझा बा गेला, तवा मीबी देवावर रुसून वरीसभर देवळात गेलो नव्हतो. दूध तेवढं वाटत व्हतो.”

“कधी बोलला नाहीत.”

“तू कवा इचारलंस?”

मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. मोठ्याने मानले असते, तर ते त्यांना परके वाटले असते. प्लास्टरातला पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी खाटेवर माझ्यासाठी जागा केली.