पालथं ठेवलेलं चाडं

मित्रांनो, त्या दिवशीची सहल नीट पार पडली, तर कुंदनभाऊंच्या पदरात बारा शाळा पडणार होत्या. केंद्रप्रमुख शिल्पा मॅडम एका शाळेबरोबर स्वतः पाहायला आल्या होत्या. त्यांना पटलं, तर बाराही शाळांची मुलं धुळ्यातल्या आमच्या लहानशा संग्रहालयात येणार. नाही पटलं, तर मुलं धरणावर जाणार आणि कुंदनभाऊंची माहिती सांगायची काठी कोपऱ्यात उभी राहणार.

मी एक जुनं चाडं आहे. बैलांनी ओढायच्या पाभरीने पेरताना जिच्यात मूठमूठ बी सोडतात, ती लाकडी वाटी. माझ्या बुडाला तीन भोकं आहेत. त्यांतून बी नळ्यांत उतरतं आणि नळ्यांतून जमिनीत. अभिमन सुताराने मला बाभळीतून कोरलं आणि हौसेने कडेला पाकळ्या काढल्या. चाळीस पेरण्या झाल्या, मग ट्रॅक्टर आला आणि मी माळ्यावर पडलो.

संग्रहालयात आलो तो पाकळ्यांच्या जोरावर. कुंदनभाऊंनी मला पालथं ठेवलं, भोकं वर आली आणि पाटी लागली: ‘राजघराण्यातील धूपदान’. वर काचेची पेटी. खरं सांगतो, मलाही ते आवडलं होतं.

कुंदनभाऊंचं बोलणं मात्र ऐकत राहावं असं. जुनं नाणं दाखवतील तर मुलं थेट बाजारात जाऊन उभी राहतील. त्या दिवशी माझ्याजवळ येऊन ते म्हणाले, “या छिद्रांतून चंदनाचा धूर निघायचा.” चाळीस मुलांनी नाकं वर करून वास घेतला.

शाळेत खिचडी रांधणाऱ्या झुंबरबाई मुलांना सांभाळायला आल्या होत्या. त्या काचेशी वाकल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

“भाऊ, हाई धूपदान नही शे. हाई चाडं शे. अन तुम्ही उलटं ठेवेल शे.”

मुलं खिदळली. शिल्पा मॅडमनी वहीतून मान वर केली. मला वाटलं, ‘असंही म्हणतात काही लोक’ म्हणून हा माणूस पुढच्या कपाटाकडे वळणार. वळला असता तर खपलंही असतं.

कुंदनभाऊंनी किल्ली काढली, पेटी उघडली आणि मला सुलट करून झुंबरबाईंच्या हातात दिलं.

“अक्का, चार वर्षं मी चुकीचं सांगत आलो. पाभर मी चित्रातच पाहिली. आता तुम्ही सांगा.” त्यांनी काठीही पुढे केली.

“काठी काय करू? पेराले हात लागस.”

झुंबरबाईंनी शेजारी मांडलेल्या कणगीतली ज्वारी मुठीत घेतली आणि बोटांआडून सोडली. तिन्ही भोकांतून दाणे सारखे पडले. “मूठ आवळी त बी अडकस, सोडी दिधी त ढीग पडस.” मग मुलांनी पेरून पाहिलं. बहुतेकांचे ढीगच पडले. मॅडमचाही पडला.

निघताना मॅडम म्हणाल्या, “कुंदनभाऊ, पाटी बदला. बाराही शाळा पाठवते. पण सांगायला झुंबरबाईही हव्यात.”

“मंग खिचडी कोण रांधी?”

“त्या दिवशी मी.”

मुलांचे चेहरे उतरले.

मित्रांनो, संग्रहालयात जाल तेव्हा घरातलं एखादं जुनं माणूस बरोबर न्या. आमच्यावरची धूळ कुणीही पुसेल. आमचं खरं नाव त्यांच्याच हातांना ठाऊक असतं.

राहिला हिशेब. मॅडमना सहल मिळाली, झुंबरबाईंना मान, मुलांना मूठ. माझी काच आणि राजघराणं गेलं, पण ते मुळात माझं नव्हतंच, म्हणून धरत नाही. भरलं ते एकट्या कुंदनभाऊंनी. चार वर्षांची ऐट, चाळीस मुलांसमोर, एकरकमी.