कप्तान बोलत नाहीत

"माणसाचं भविष्य हाताच्या रेषांत नसतं, ग्रहांतही नसतं. ते असतं रक्ताच्या थेंबात आणि मेंदूच्या छायाचित्रात. आणि आता ते आम्हाला वाचता येतं!"

मेंदूविकार विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी हे वाक्य खिडकीकडे बघत, ॲप्रनच्या खिशात हात घालून उच्चारलं. वाक्य चांगलंच होतं. परिषदांमध्ये त्याला टाळ्या पडत. फक्त खोलीत त्या वेळी पेशंटचे नातेवाईक कोणी नव्हते. मागे स्टुलावर उभे होते ते एसी दुरुस्त करायला आलेले गृहस्थ. त्यांनी सगळं आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल साहेब. पण यात गॅस भरावाच लागेल."

पलंगावरच्या कप्तानांना हसू आलं. ते त्यांनी दाबलं. हसण्यासाठी तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडायचं नाही असा त्यांचा निश्चय होता.

कप्तान म्हणजे युद्धनौकेचे वगैरे नव्हेत. बंदराच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी फेरीबोट त्यांनी आयुष्यभर चालवली. निवृत्तीनंतर ते बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीत बसून त्याच बोटीच्या नव्या चालकाला सूचना देत. "अरे वळव, वळव! झोपलास काय?" अशा. चालकाला त्या ऐकू जात नसत, त्यामुळे दोघांचे संबंध उत्तम होते. अशीच एक सूचना देता देता कप्तानांचा उजवा हात खाली पडला, ओठाचा कोपरा घसरला आणि शब्दांचा लगदा झाला. बायकोने क्षणात ओळखलं. धावपळ करून वेळेत आणलं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं, जीव वाचला. हात आणि पाय मात्र अजून मनावर घेत नव्हते.

बाकी राहिलं बोलणं. तर, खरं सांगायचं म्हणजे, कप्तानांना बोलता येत होतं. दुसऱ्याच दिवशी पहाटे, खोलीत कोणी नसताना, त्यांनी हळूच "अरे वळव" म्हणून पाहिलं होतं. जीभ जराशी जड, पण वळव म्हणजे वळवच ऐकू आलं. त्यांना भरून आलं. आणि त्याच क्षणी उजवीकडच्या वरच्या दाढेतून अशी कळ गेली की ते भरून आलेलं तिथेच ओसरलं.

ही दाढ जुनी होती. महिनाभर ठणकत होती. आणि कप्तानांनी ती घरात कोणाला सांगितली नव्हती, कारण कप्तानांची बायको दंतवैद्य होती.

दोघांची पहिली भेट खुर्चीवरच झाली होती. म्हणजे खुर्चीवर ते, आणि पक्कड घेऊन उभी ती. त्या दिवशी तिने एक दाढ काढली आणि कप्तानांनी लग्नाची मागणी घातली. भूल उतरायच्या आत माणूस काय काय बोलून जातो. लग्न झालं, सुखाचं झालं, पण त्या खुर्चीवर कप्तान पुन्हा कधी बसले नाहीत. "माझे दात? उत्तम!" असं ते सांगत, आणि तीही मानत असे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून घरी आलेल्या बाईला संध्याकाळी आणखी एका तोंडात डोकावायची हौस नसते.

म्हणून आता ती उशाशी बसली की कप्तान ओठ मिटून घेत. गिळता येतं का बघायला नर्सबाई आल्या की चमच्यापुरती फट उघडत आणि लगेच मिटत. उजवा गाल सुजला होता, पण उजवीकडचाच चेहरा लटकल्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नाही. हॉस्पिटलच्या प्रश्नावलीत "दातांची तक्रार?" असं विचारलं, तेव्हा दंतवैद्य बाईंनी भुवया उंचावून उत्तर दिलं होतं, "मी त्यांची बायको आहे." विषय संपला. त्या तोंडात बघायची कोणाची टाप होती?

इकडे मोठ्या डॉक्टरांचं गणित चाललं होतं. झटक्यानंतर पेशंट कितपत सावरेल हे सांगणारं एक गणित त्यांनी बसवलं होतं. त्यात एका बाजूने मेंदूचा एमआरआय घालायचा, दुसऱ्या बाजूने रक्तातले आकडे. त्यातला मुख्य आकडा सीआरपीचा. शरीरात कुठे सूज, जळजळ असली की तो चढतो. त्याच्या जोडीला पांढऱ्या पेशींचा हिशोब. मेंदूला मार बसला की रक्तात आग भडकते, आणि आग जितकी मोठी तितकं पुढचं कठीण. पद्धत चुकीची नव्हती. पुष्कळ पेशंटांच्या बाबतीत ती बरोबर आली होती. कप्तानांच्या रक्तात मात्र वणवा पेटलेला होता. छाती तपासली, स्वच्छ. लघवी तपासली, स्वच्छ. म्हणजे आग मेंदूचीच, असं डॉक्टरांनी ठरवलं आणि गणिताने उत्तर दिलं: बोलणं परत येणं अवघड, जिने चढणं विसरा.

"विसरा म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे मॅडम, तळमजला बघा."

कप्तानांची मुलगी तर कामालाच लागली. ती प्रेमळ होती आणि कार्यक्षम होती. दोन्ही एकदम असलेल्या माणसापुढे कोणाचं काही चालत नाही. तिने आपल्या घराशेजारी तळमजल्यावरची जागा शोधली, तिसऱ्या मजल्याला गिऱ्हाईकही शोधलं.

"आई, जागा छान आहे. कोरडी आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा आहे."

"खिडकीतून काय दिसतं?"

"गॅरेजची भिंत. पण नवीन रंगवलेली आहे गं."

हा संवाद कप्तानांच्या पायाशी, त्यांच्या अंगावरून, चालला होता. बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असा लोकांचा समज असतो. कप्तानांनी डावा हात उचलून खिडकीकडे दाखवला, गॅलरी, गॅलरी, अशा अर्थाने.

"बाबांना ऊन लागतंय," मुलगी म्हणाली आणि तिने पडदा ओढला.

कप्तान अंधारात पडून राहिले. एकीकडे पक्कड, एकीकडे गॅरेजची भिंत. रंगवलेली.

गिऱ्हाईक सही करायला येणार त्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीवर आले, तेव्हा त्यांच्या मागोमाग एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईही आल्या. या दोघांचं शिक्षण एकाच वर्गात झालं होतं, त्यामुळे हॉस्पिटलभर ज्यांना सर म्हणत त्यांना या बाई अरेतुरे करत.

"तुझं गणित खोटं बोलतंय," त्या दारातूनच म्हणाल्या.

"पेशंटसमोर नको."

"पेशंटसमोरच. मी याचा फोटो कितीदा पाहिला. इवलासा डाग आहे, आत खोलवर. बोलण्याची जागा शाबूत आहे. या माणसाने आतापर्यंत आपल्याशी भांडायला हवं होतं."

"आणि रक्त? रक्त काय म्हणतं ते दिसत नाही तुला?"

"रक्त म्हणतं, आग लागली आहे. कुठे लागली, ते रक्त सांगत नाही. पत्ता तू घातलास."

"तुझा फोटो हजार गोष्टी दाखवतो. माझा आकडा एकच सांगतो, आणि ठाम सांगतो."

"ठाम तर तूही सांगतोस. परीक्षेतही सांगायचास."

नर्सबाईंनी सलाइनच्या बाटलीकडे अतिशय लक्षपूर्वक पाहिलं.

कप्तानांच्या बायकोने दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं. ती दिवस-रात्र या खुर्चीत बसून होती. तिला आता कोणीतरी एक उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते वाईट असलं तरी चाललं असतं. "पुरे," ती म्हणाली. "मला आशा लावू नका. त्यांना उचलून तीन मजले नेणं मला जमणार नाही, आणि त्यांना एकट्याला वर कोंडून ठेवणं त्याहून जमणार नाही. भिंत तर भिंत. मी आज सही करते."

मुलीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी पर्समधून पेन काढलं.

"सही करू नकोस."

आवाज घोगरा होता, थोडा घसरत होता, पण कप्तानांचाच होता.

"अहो!" बाई ओरडल्या.

"गॅलरी विकायची नाही. मी जिना चढेन. बसत बसत चढेन. तो मुलगा बोट फार जवळून वळवतो, कोणीतरी बघायला हवं."

"हे शक्य नाही," मोठे डॉक्टर पुटपुटले. "या सीआरपीला हे शक्य नाही."

"तुम्हाला बोलता येतंय?" बाईंचा आवाज चढला. "कधीपासून?"

कप्तानांनी ओठ मिटले.

"अहो, मी विचारतेय. मी इथे बसून रडत होते. तुम्ही ऐकत होतात. का बोलला नाहीत?"

कप्तानांनी छताकडे पाहिलं. तिथे एसी होता. गॅस भरल्यापासून चांगला चालत होता.

"मी सांगू का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी त्यासाठीच आले होते. फोटोत मेंदू संपतो तिथे आपण सगळे थांबतो. मी काल आणखी खाली उतरले. उजव्या गालाच्या हाडातली पोकळी भरलेली आहे, सूज आहे, पू असावा. आणि तिच्या बरोबर खाली..."

पुढचं वाक्य सांगायची गरज पडली नाही. बाईंनी नवऱ्याच्या उजव्या गालाकडे पाहिलं. इतके दिवस त्या बायको म्हणून पाहत होत्या. आता दंतवैद्य म्हणून पाहिलं. मग नर्सबाईंकडचा टॉर्च घेतला आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो. आ करा."

कप्तानांनी गॅलरीचा विचार केला, डोळे मिटले आणि आ केला.

बाईंनी टॉर्च आत धरला आणि ओठ बाजूला सारून वरची दाढ पाहिली.

"गळू," शेवटी बाई म्हणाल्या. "महिन्याभराचं तरी असेल. घरात. माझ्या घरात!"

अँटिबायोटिक सुरू झालं, हिरडीतून पू काढला, आणि रक्तातला वणवा बघता बघता शेकोटीवर आला. मोठ्या डॉक्टरांनी नवा आकडा घालून गणित पुन्हा मांडलं. उत्तर आलं: पेशंट चांगला सावरेल, बोलू शकेल. तोपर्यंत पेशंट बोलून बोलून नर्सबाईंना नकोसं करत होता, पण डॉक्टरांनी ते भाकीत गंभीरपणे वाचून दाखवलं आणि गणित पहिल्यापासून बरोबरच होतं, आपण त्याला चुकीचं खाद्य दिलं, असंही सांगितलं. डॉक्टरीणबाई फक्त "हं" म्हणाल्या. जागा विकायची नाही, असं मुलीने गिऱ्हाईकाला फोन करून कळवलं. दोन्ही बाजूंनी आधार दिला की कप्तान आता चार पावलं टाकत होते, आणि व्यायाम घेणाऱ्या बाईंनी प्रॅक्टिसची पायरी आणून ठेवली होती.

एवढं झालं तरी बायको बोलत नव्हती. ती येई, गाल बघे, उशी सारखी करे आणि गप्प बसे. शेवटी एका संध्याकाळी तिचा बांध फुटला.

"मी काय वाघीण आहे का हो? सगळी दुनिया माझ्यासमोर तोंड उघडते आणि तुम्ही... जन्मभराचं घर जायला निघालं तरी ओठ मिटून! मला काय वाटलं असेल? तुम्ही पुन्हा मला कधी हाक मारणार नाही असं धरून चालले होते मी. एकदा नुसतं दुखतंय म्हणाला असतात." तिने पदराने डोळे पुसले. "आता ऐका. तुम्हाला धरून तिसऱ्या मजल्यावर मी नेणार. रोज एक जिना तर एक जिना. आणि डॉक्टर परवानगी देतील त्या दिवशी ती दाढ मी काढणार. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही."

मुलगी हुंदका देऊन दुसरीकडे बघू लागली. नर्सबाईंचेही डोळे भरले. कप्तानांनी सगळा जोर लावून उजवा हात उचलला. तो थरथरत, अडखळत चादरीवरून सरकला आणि बायकोच्या हातावर येऊन पडला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच आपणहून एवढा लांब आला होता.

"अगं," ते म्हणाले.

"बोला ना."

"दाढ तूच काढ. तेवढं भुलीचं इंजेक्शन मात्र दुसऱ्या कोणाला तरी देऊ दे. तुझा हात फार जड आहे."