चार बोटं पाणी

माझा नवरा चारुदत्त गेली पंचवीस वर्षं दुबईत इमारतींचं वॉटरप्रूफिंग करतो. गळती हा शब्द ऐकला की त्याच्या अंगात येतं. अशा माणसानं कायमचं मायदेशी निघालेल्या सहकाऱ्याकडून एक म्हातारी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यावी आणि एप्रिलमधल्या त्या वेड्या पावसात तिचं छत गळावं, म्हटल्यावर आमच्या सगळ्या शनिवारांचं काय होणार ते मला तेव्हाच कळलं.

छत रबराचं होतं, म्हणजे प्लायवूडवर चिकटवलेली रबराची जाड चादर. उन्हानं ती इतकी पिकली होती की हात फिरवला तर खडूसारखी भुकटी लागायची. ऑक्टोबर सरल्यावर चारूनं काम काढलं. शारजात शौकतभाईंचं गोदाम आहे. ते मूळचे रत्नागिरीचे, आमच्या घरचेच म्हणावेत असे. त्यांच्या मागच्या वाळूच्या अंगणात गाडी उभी होती. चारू छतावर फळी टाकून तिच्यावर रांगत काम करायचा. धुतलं, घासलं, प्रत्येक सांध्यात सीलंट भरलं, वर पांढऱ्या रबरी कोटिंगचे दोन हात मारले. एवढ्यावर थांबेल तर तो चारू कसला! खिडक्यांच्या कडांनाही बाहेरून त्यानं सीलंटची जाड रेघ ओढली. मागच्या पलंगाशेजारी लाल कडीची आपत्कालीन खिडकी होती, तिलाही. "आता मुंगीसुद्धा आत जाणार नाही," असं म्हणाला. मला वाटलं, झालं एकदाचं.

"टेस्ट राहिली," चारू म्हणाला.

आमच्याकडे गच्ची असो की बाथरूम, वॉटरप्रूफिंग झालं की कडेनं बांध घालतात, पाणी भरून ठेवतात आणि खालून ओल येते का बघतात. पाणी उभं केल्याशिवाय चारूनं आजवर एका कामावर सही केलेली नाही. ती सवय त्यानं गाडीच्या छतालाही लावली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या जुन्या टॉवेलांचा बांध घातला, शौकतभाईंच्या टाकीवरून पाइप ओढला आणि नळ सोडला.

"किती भरणार?" मी विचारलं.

"चार बोटं. स्टँडर्ड आहे."

मी त्याला हसले, हेही सांगून टाकते. म्हटलं, वर कमळं लाव. पाणी चढायला तासभर लागला; ते भरत आलं तेव्हा मी, चारू आणि शौकतभाई गोदामाच्या सावलीत चहाला बसलो. आभा, आमची मुलगी, दहावीत. ती गाडीत मागच्या पलंगावर एसी लावून, कानाला हेडफोन लावून अभ्यास करत होती. निदान तसं म्हणत तरी होती.

चहा अर्धा झाला असेल. गाडीतून आवाज आला, जुन्या कपाटाचं दार करकरावं तसा. चारूनं कप खाली ठेवला. पुन्हा आवाज, या वेळी लांबलेला. मी बाजूच्या खिडकीतून आत डोकावले.

छत मधोमध खाली आलं होतं. जेवणाच्या टेबलावरचं आतलं पॅनेल उकललं होतं आणि त्यातून काळ्या रबराचं पोट लोंबत होतं, पाण्यानं भरलेलं, हळूहळू हलणारं. त्याच्या पलीकडे आभा पुस्तकात डोकं घालून पालथी पडली होती.

"चारू, पोर आत आहे!"

त्यानं दार ओढलं. दार हलेना. छताच्या वजनानं चौकट वाकून दार तिच्यात आवळलं गेलं होतं. त्यानं पाय टेकून हिसका दिला तसं छत पुन्हा करकरलं आणि पोट वीतभर खाली आलं.

"नको ओढूस!" मी किंचाळले.

तो नळ बंद करायला धावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "टनभर होईल," तो मला म्हणाला. "खालचं प्लाय सडलेलं असणार, सुहास. एप्रिलचं पाणी आत मुरलं असणार. मी फक्त रबर बघितलं." आणि तो मागच्या शिडीकडे वळला. "वर जाऊन बांध फोडतो."

"वर पाय ठेवलास तर सगळंच तिच्या अंगावर येईल!" मी त्याचा शर्ट धरून खेचला. "पाणी सगळं मधे गेलंय, बांध फोडून काय होणार?"

पुढच्या ड्रायव्हरच्या केबिनमधून मागे यायला वाट होती, पण तीही त्या पोटाखालूनच. राहिली लाल कडीची खिडकी.

"चारूभाई, पाणी एसीत गेलं तर करंट लागेल! मी लाइट काढतो!" शौकतभाई ओरडले आणि त्यांनी गोदामातला गाडीचा प्लग उपटला. बरोबरच केलं त्यांनी. पण एसी बंद पडला, आभानं हेडफोन काढले आणि वैतागून उठली. दाराकडे, म्हणजे नेमकी त्या पोटाखाली निघाली.

मी मागच्या खिडकीच्या काचेवर दोन्ही हात आपटले. "आभा! थांब!"

"व्हॉट, आई? एसी का..." तिनं वर पाहिलं आणि जागच्या जागी थबकली.

"मागे ये. पलंगावर. माझ्याकडे बघ. वर बघायचं नाही!"

ती पलंगावर सरकली, खिडकीला चिकटून बसली. आमच्या मधे काच आणि चारूचं सीलंट. तिनं आतून कडी ओढली, हिसडली. खिडकी तसूभर हलेना.

"इट्स नॉट ओपनिंग!"

शौकतभाईंनी लोखंडी पहार आणली. चारूनं ती ढकलून दिली. धक्का बसला तर छत उतरेल, हे त्याला कळत होतं. त्यानं चहाच्या सामानातली लिंबाची सुरी उचलली आणि कडेचं सीलंट कापायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काम वाईट केलं असतं तर किती बरं झालं असतं! चिवट रबर सुरीला चिकटत होतं आणि इंच इंच सुटत होतं. आत छत करकरत होतं. प्रत्येक आवाजासरशी सुरी थांबायची.

आभा थरथरत मान वर करायला लागली. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी तिला रागवायला लागले. "खोली आवरलीस का सकाळी? कपाटात ओले टॉवेल कोण कोंबतं? गणिताचा पेपर मला का दाखवला नाहीस?"

"आई, आर यू सीरियस?" ती रडत रडत म्हणाली.

"एकदम सीरियस. उत्तर दे. इकडे बघून दे!"

मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी तोंड चालू होतं.

"वहिनी, पोरीला धरा!" शौकतभाईंनी काचेची खालची कड उचलली. चारूनं शेवटची पट्टी ओढून काढली आणि काच बाहेर उघडली. मी आभाच्या काखेत हात घातले आणि ती डोक्याकडून बाहेर आली, आम्ही दोघी वाळूत पडलो. तिचा एक बूट आतच राहिला. ती त्यासाठी वळली तर मी तिला अशी ओढली की तिचा दंड दोन दिवस काळानिळा होता.

मग आत काड्कन् आवाज झाला. गाडी एकदा हलली आणि शांत झाली.

चारू पुढे झाला आणि खिडकीतून आत पाहू लागला. मीही पाहिलं. उरलंसुरलं प्लायवूड मोडून ते पोट थेट टेबलावर येऊन बसलं होतं. टेबलाचा पाय मुडपला होता. पण रबर फाटलं नव्हतं. पाणी तसंच्या तसं आत होतं. गाद्या कोरड्या, पुस्तकं कोरडी, आभाचा बूट कोरडा.

मला खूप बोलायचं होतं. एक एक वाक्य तयार होतं, आणि त्याला ते माहीत होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

आभा एका पायात बूट घालून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिचे दात अजून वाजत होते. तिनं आत पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. त्याला बरं वाटावं म्हणून तिला जे सुचलं ते ती बोलली.

"बाबा, सी? इट डिडन्ट लीक."

हातातली सुरी टाकून चारू वाळूत बसला आणि मोठमोठ्यानं रडायला लागला. मी तयार ठेवलेलं सगळं विसरले आणि त्याच्या शेजारी बसले.