एक पाय जुना, एक नवा

“पायात काही घातलंय हेच विसरून जा,” वहिनीनं बजावलं होतं. “बुटांकडे बघायचं नाही, त्यांचा विचार करायचा नाही. नेहमीसारखी खेळ आणि घरी येऊन काय वाटलं ते सांग.”

सांगायला सोपं होतं! मैदानाच्या कडेला बसून नाड्या आवळताना ती दुसऱ्या कशाचाच विचार करू शकत नव्हती. बूट कसले, मोज्यावर चढवलेला दुसरा मोजाच तो. सकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर जुना आणि नवा बूट आळीपाळीनं ठेवून पाहिला होता. मधला फरक भरला एका चांगल्या मोठ्या सफरचंदाएवढा. म्हणजे इतकी वर्षं ती प्रत्येक पायाला एकेक सफरचंद बांधून धावत होती म्हणायची!

ती उठून उभी राहिली. चवड्याखाली गवत कळत होतं. गवतातला खडाही कळत होता. बॉल पायाशी आला तेव्हा त्याची शिवणसुद्धा जाणवल्यासारखं वाटलं. जुन्या बुटात बॉल लागला की नुसती थाप पडल्यासारखं व्हायचं. इथं कुणी बोटानं हलकेच हाक मारावी तसं झालं.

आणि धावली तर काय, वाराच! संघात सगळ्यांत वयानं मोठी तीच. हल्ली बॉलपाशी पोचेपर्यंत दुसरंच कुणीतरी तो घेऊन जायचं. आज ती आधी पोचून बॉलची वाट बघत उभी.

“आज काय खाऊन आलीस गं?” गोलकीपर लांबून ओरडली. “आम्हालाही सांग की!”

पण मौज थोडाच वेळ टिकली. तिनं उजवीकडे पास दिला तो सुतळीच्या डोक्यावरून थेट कुंपणाबाहेर. सुतळी म्हणजे संघातली सगळ्यांत लहान, काडीसारखी पोरगी. ती तोंड वेंगाडून बॉल आणायला गेली. दुसरा पासही तसाच. तिसऱ्यांदा सुतळी म्हणाली, “ताई, मी शिडी घेऊन येऊ का?”

त्याहून वेगळंच काहीतरी एकदा झालं. उजव्यानं जोरात मारायचं म्हणून तिनं डावा पाय रोवला आणि त्या पायाखाली काहीतरी किंचित हललं. पाय घसरला नव्हता, मुरगळलाही नव्हता. कुणीतरी खुर्ची जराशी सरकवावी तसं. तिनं थांबून बूट पाहिला. तो आपला साळसूदपणे चमकत होता.

घरी दादानं दार उघडलं, तर त्याच्या मागून वहिनीचं डोकं.

“काय वन्सं? कसं वाटलं?”

वहिनी लाडात आली की ‘वन्सं’ म्हणायची. एरवी ‘अगं’ आणि ‘तू’च. बुटांच्या कारखान्यात ती नवे नमुने बनवायची. हा जोड तिचा स्वतःचा, पहिल्या रेघेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत. सोमवारी वरची माणसं टेबलावर दोन जोड ठेवून एकाची निवड करणार होती: एक वहिनीचा, एक शेजारच्या विभागाचा. वहिनीचा निवडला गेला तर खेळाच्या बुटांचा विभाग तिच्या हाती. नाहीतर पुन्हा शाळेच्या काळ्या बुटांवर बकलं बसवायची, जे करून तिचा जीव आंबला होता.

“उडते गं मी त्यात,” ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण पुढचं ओठांवर येऊन थांबलं, कारण नेमकं काय झालं ते तिचं तिलाच उमगलं नव्हतं.

डोक्यात भुंगा मात्र शिरला. दिवसा ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथला नियम तिच्या अंगात मुरलेला: नमुना एकटा काही सांगत नाही, त्याच्या शेजारी दुसरा ठेवावा लागतो. पुढच्या सरावाला तिनं पिशवीत दोन्ही जोड भरले. मैदानावर आली ती उजव्या पायात नवा बूट आणि डाव्यात जुना घालूनच.

मग काय, सगळ्यांना आयतंच कोलीत मिळालं.

“अंधारात कपडे घातलेस का?”

“उरलेला जोड घरी कुणाच्या पायात आहे?”

प्रशिक्षकबाईंनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं आणि शिट्टी फुंकून सराव सुरू केला. तिच्यावर त्यांचा विश्वास होता, किंवा आशा सोडली होती.

ती धावली. एक पाय फुटपाथवर आणि एक रस्त्यात ठेवून चालावं तसं झालं. पण बॉल मारायला लागली तसं कोडं उलगडत गेलं. हलका पाय बॉलपाशी लवकर पोचत होता! तिच्या अंगाला जड बुटाचा ठेका माहीत; अंग मागे राहायचं आणि पाय पुढे निघून जायचा, बॉलच्या खाली शिरायचा, म्हणून पास आभाळात. तिनं मनातल्या मनात क्षणभर थांबून मारून पाहिलं. बॉल जमिनीलगत सरसरत सुतळीच्या पायात जाऊन बसला.

“शिडी नको आता!” सुतळी ओरडली. हिला इतका आनंद झाला की हिनं तोच पास आणखी कितीतरी वेळा दिला. बूट गुणी होता. चूक सवयीची होती आणि सवय मोडता येते.

मग तिनं बूट बदलले. नवा डाव्यात, जुना उजव्यात. डावा रोवला, उजवा फिरवला, आणि पुन्हा तेच, खुर्ची सरकल्यासारखं. पुन्हा मारलं, पुन्हा सरकलं. जोर जास्त लावला तेव्हा घोट्यातून एक बारीक कळ वर गेली.

ती कडेला जाऊन बसली आणि नवा बूट काढून दोन हातांत धरून पिळला. ओलं फडकं पिळावं तसा तो वळला: चवडा एकीकडे, टाच दुसरीकडे. जुना पिळून पाहिला, तर तो मधोमध ताठ.

“ताई, हे बूट मला हवेत हं,” सुतळी शेजारी उकिडवी बसली. “दुकानात आले की पहिला जोड माझा.”

हिनं नवा बूट पिशवीत तळाशी सरकवला.

संध्याकाळी जेवणाची भांडी आवरल्यावर तिनं सगळं सांगितलं. पासचं ऐकताना वहिनी हसली. डाव्या पायाचं ऐकताना तिचं हसू मावळलं.

“तुला जडपणाची सवय झालीय. तूच आत्ता म्हणालीस.”

“मारणाऱ्या पायाला सवय होईल, वहिनी. पण उभ्या पायावर सगळं अंग तोललेलं असतं. त्याच्याखालचीच जमीन वळली तर त्यानं कसली सवय करायची?”

“यंत्रावर वाकवून पाहिलाय मी तो, कितीदा तरी. काही झालं नाही.”

“वाकवून की पिळून?”

वहिनीनं बुटाकडे पाहिलं. नमुन्याचा जोड एकाच मापाचा बनतो. ते माप नणंदेचं होतं. वहिनीचा पाय त्यात शिरतही नव्हता. आपण घडवलेला बूट आतून कसा लागतो, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

“थांब,” वहिनी म्हणाली. तिनं भाजी कापायच्या दोन फळ्या आणल्या आणि मध्ये फट ठेवून जमिनीवर मांडल्या. “डावा घाल. चवडा या फळीवर ठेव, टाच त्या. आता मारतेस तशी वळ.”

आणि वहिनी खाली बसून फटीत, तळव्याच्या मधल्या भागाखाली, आपली बोटं घालून राहिली.

“अगं, बोटं चेंगरतील!” दादा म्हणाला.

“चेंगरू देत. वळ तू.”

ती वळली. बुटाचा तळ मधोमध खाली आला आणि वहिनीच्या बोटांवर टेकला. वहिनीनं हात काढला नाही. “पुन्हा,” ती म्हणाली. नणंद पुन्हा वळली.

“इथं एक पट्टी होती,” वहिनी अखेर म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “टाचेपासून चवड्यापर्यंत. मीच काढली. चमचाभर वजन होतं तिचं. ती काढली म्हणून तर हा सगळ्यांत हलका ठरला.”

“परत घातली तर?”

“तर शेजारच्यांचा जोड आणि माझा उन्नीस-बीस. मग त्यांनी माझाच का निवडावा?”

दादानं घसा खाकरला. “मी काय म्हणतो, सोमवारी आहे तसाच दाखव की. निवडला गेला की घाल पट्टी. टेबलावर ठेवलेला बूट कोण पिळून बघणार आहे?”

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. वहिनी बूट मांडीवर घेऊन त्याच्या तळावरून अंगठा फिरवत राहिली. निजलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“पोरींनी मला विचारलं की कसा आहे,” नणंद हळूच म्हणाली, “तर मी काय सांगू?”

वहिनीनं मान वर केली. डोळे भरून आले होते, पण त्यांत रडू नव्हतं.

“चांगला आहे म्हणून सांग. सोमवारी टेबलावर जाईल तो पट्टी असलेलाच. हा माझा शब्द.”

“आणि नाही निवडला तर?”

“तर बकलं बसवीन,” वहिनी म्हणाली आणि दादाकडे वळली. “तोंड काय पाडून बसलाय? फळ्या उचला त्या.”

रविवारी कारखान्याला सुट्टी. ती पाणी प्यायला उठली तेव्हा खिडकीत नुकतं उजाडायला लागलं होतं आणि वहिनी दारापाशी वाकून चपलेचा पट्टा लावत होती. खांद्यावर नव्या जोडाची पिशवी, हातात नमुन्यांच्या खोलीची किल्ली. दोघींची नजरानजर झाली. वहिनीनं ओठांवर बोट ठेवलं, आत दादा झोपला होता. मग कडीचा आवाज होऊ नये म्हणून दार उचलूनच ओढून घेतलं आणि जिन्याच्या कठड्याला हात लावत, एकेक पायरी जपून, खाली उतरू लागली.