चाकं मिटलेलं विमान

कधीच न उडालेल्या विमानाला रंग कुठला द्यायचा, या प्रश्नावर ड्राफ्ट्समननं अख्खा आठवडा घालवला होता. बायकोनं सुचवलं, "निळा द्या की. स्वयंपाकघराचा अर्धा डबा उरलाय." त्यावर त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं हवाई दलाच्या प्रमुखाला पायजम्यावर संचलनाला बोलावलं होतं.

माणूस एकाहत्तर वर्षांचा. निवृत्त झाल्यापासून जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्याच्या ताब्यात. लढाऊ विमानांची किट मिळतात ना, खोक्यात प्लास्टिकच्या सांगाड्याला लटकलेले सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि खोक्यावरच्या चित्रातलं विमान तयार करायचं. सरळमार्गी माणसं तेवढंच करतात. हा आणि याच्यासारखे आणखी तिघे मात्र एका खोक्यातलं धड, दुसऱ्यातले पंख आणि तिसऱ्यातली शेपटी जोडून जगात कधी नव्हतीच अशी विमानं बनवायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती मांडायची आणि प्रत्येक विमानापुढे त्याचा खोटा इतिहास लिहिलेलं कार्ड ठेवायचं. नियम एकच, पण कडक: एका विमानाला एकच 'जर'. अमुक कारखाना जळला नसता तर. तमुक इंजिन दोन वर्षं आधी तयार झालं असतं तर. एक गोष्ट बदला, बाकी सगळं खरं ठेवा. दोन 'जर' घातले की ती नुसती थाप.

"आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं," बायको म्हणायची. "तुमच्या कपाटात नुसत्या मिशीवाल्या आत्या आहेत."

या थट्टेवर तो हसायचा. या खेपेला मात्र हसला नाही, कारण हे विमान त्याचं स्वतःचं होतं.

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो विमानाच्या कारखान्यात नकाशे काढायला लागला, आणि सतरा वर्षं एकाच लढाऊ विमानाचे नकाशे काढत राहिला. मग एका सोमवारी प्रकल्प बंद झाल्याचं पत्र आलं. कारण लिहिलं होतं: तीव्र वळणात इंजिनाला हवा पुरत नाही. ते वाचून सगळ्या खोलीत हा एकटाच उभा राहिला होता. कारण त्याच्या दोन वर्षं आधी, हवा आत घेणारी तोंडं विमानाच्या दोन्ही कुशींना आहेत ती काढा आणि एकच मोठं तोंड नाकाखाली, हनुवटीशी द्या, असा नकाशा त्यानं स्वतःहून काढला होता. हाताखालच्या माणसानं असा आगाऊपणा करायचा नसतो. सहकारी म्हणाले, नाकापेक्षा मोती जड झालाय, आणि त्याचं नाव 'हनुवटीवाला' पडलं. मोठ्या साहेबांनी नकाशा तीन दिवस ठेवून घेतला आणि परत देताना एवढंच म्हणाले, "नको. आहे तेच ठेवा." का, ते सांगितलं नाही.

त्या नकोवर ड्राफ्ट्समन उरलेलं आयुष्य जगला. पुढची नोकरी बसच्या खिडक्यांचे नकाशे काढण्यात गेली. खिडकीला काय अक्कल लागते! पण मनात एक जागा पक्की होती: माझं ऐकलं असतं तर विमान उडालं असतं.

आणि बायको. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, कधी या वर्षापुरती, कधी त्या वर्षापुरती. दुसऱ्या शहरात तिला कायमची जागा मिळाली, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा तो म्हणाला, "एवढं वर्ष थांब. विमान उडू दे, मग तू म्हणशील तिथे जाऊ." ती थांबली. तिसऱ्यांदा तिला कुणी बोलावलं नाही. मग तिनं घरीच मुलांच्या शिकवण्या घेतल्या, आणि याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाची फिटंफाट होते, गप्प बसण्याची होत नाही.

म्हणून या वेळी त्याला कार्डावर काही लिहायचंच नव्हतं. त्याला साहेबांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं: तुझं बरोबर होतं. ते वाक्य घरी आणायचं आणि बायकोपुढे ठेवायचं. साहेब सत्त्याऐंशीचे झाले होते, डोळे गेले होते. उशीर करण्यात अर्थ नव्हता. फोन केला तेव्हा साहेबांच्या सुनेनं आतून विचारून आणलं, "घेऊन या म्हणतात. हातानं बघतील."

मूळ विमानाच्या अठ्ठेचाळीस पट लहान. धड एका किटचं, पंख कापून दुसऱ्याचे, आणि हनुवटीचं तोंड खोकल्याच्या औषधाच्या टोपणातून कोरलेलं. काहीही चिकटवण्याआधी भाग नुसते एकमेकांत बसवून बघतात, तसं त्यानं पाहिलं. पंख बसले. शेपटी बसली. पुढचं चाक मात्र मिटेना. तोंडातून इंजिनाकडे जाणारी हवेची नळी नेमकी चाकाच्या खोबणीतून जात होती. त्यानं मापलं. अडीच मिलिमीटर कमी पडत होते.

मग त्याच्यातला किटवाला त्याच्यातल्या ड्राफ्ट्समनच्या मदतीला धावला. अरे, प्लास्टिक जाड असतं! खोबणीची भिंत एक मिलिमीटर, नळीची एक मिलिमीटर. अठ्ठेचाळीस पटीनं मोठी केली तर ती भिंत होईल जवळजवळ पाच सेंटिमीटरची, आणि खरा पत्रा असतो दोन मिलिमीटरचा. म्हणजे दोन मिलिमीटर प्लास्टिकच्या जाडीचेच. उरला अर्धा. अर्धा मिलिमीटर काय, कानशीनं कुणीही काढेल. एवढा हिशेब झाल्यावर त्याला भूक लागली. जेवून आल्यावर त्यानं चाकांची दारं बंद करून चिकटवून टाकली, फटीत पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासली आणि विमान एका दांडीवर चढवलं, उडत असल्यासारखं. रंग शेवटी राखाडी दिला.

साहेबांची खोली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. खिडकीपाशी पलंग, औषधांचा ट्रे, आणि भिंतीवर काही नाही. ज्याला दिसत नाही त्यानं भिंतीवर काय लावायचं? सुनेनं दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि चहा टाकायला गेली.

"ये, हनुवटीवाल्या," साहेब म्हणाले. "आण इकडे."

त्यानं विमान दांडीवरून उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हातारी बोटं शेपटीपासून निघाली. पंखाच्या मुळाशी थांबली, पंखाचा कोन चाचपला. "आपलंच आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. सव्वीस वर्षांत त्या विमानाला 'आपलं' म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं. बोटं पुढे सरकली, हनुवटीशी आली, तोंडाच्या कडेवरून फिरली.

"तुझंच तोंड लावलंस."

"हो, साहेब."

बोटं मग पोटाखाली गेली. गुळगुळीत पोटावरून एकदा पुढे गेली, एकदा मागे आली.

"चाकं कुठायत?"

"मिटलीत, साहेब. उडतंय ते."

"मिटलीत, का मिटेनात?"

आत कपबशांचा आवाज होत होता.

"बारा सेंटिमीटर," साहेब म्हणाले. "पुढच्या चाकाला बारा सेंटिमीटर जागा कमी पडत होती. तीन दिवस मीही खटपट केली. चाक मागे नेऊन पाहिलं, आडवं वळवून पाहिलं. नाही बसलं."

अडीच गुणिले अठ्ठेचाळीस. ड्राफ्ट्समनला कागद लागला नाही. एकशेवीस मिलिमीटर. बारा सेंटिमीटर.

"पण प्लास्टिक जाड असतं, साहेब. खरा पत्रा दोन मिलिमीटरचा—"

"आणि पत्र्याच्या आतल्या फासळ्या?" साहेबांनी हळूच विचारलं. "त्या काय हवेत ठेवणार होतास? तू ड्राफ्ट्समन आहेस रे."

सतरा वर्षं ज्या फासळ्या त्यानं एकेक करून काढल्या होत्या, त्याच तो विसरला होता. शिकाऊ पोरानं केली असती तर त्यानं त्याचा कान धरला असता अशी ती चूक होती. त्याचे कान तापले.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" आवाज चढला ते त्यालाही कळलं. "एक ओळ लिहायचीत नकाशावर. मी दुरुस्त केलं असतं. दुसरं काही शोधलं असतं."

"शोधलं असतंस. हुशार होतास. म्हणूनच नाही सांगितलं." साहेबांनी विमान मांडीवर नीट धरलं. "ऐक. ते विमान बनणारच नव्हतं. तू आलास त्याच्या दुसऱ्याच वर्षी मला वर बोलावून सांगितलं होतं. विमानं बाहेरूनच घ्यायची ठरली होती. पण आपलंही एक होतंय असं दिसलं, की समोरचा भाव उतरवतो. म्हणून आपली खोली चालू ठेवायची, दिवे लावायचे, नकाशे काढायचे. हवा पुरत नाही हे कारण मीच लिहून दिलं. काहीतरी लिहायला हवं होतं."

"पंधरा वर्षं माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"आम्ही चाळीस माणसं होतो."

"बेचाळीस," साहेब म्हणाले. "सांगितलं असतं तर निम्मे गेले असते, आणि उरलेल्यांनी काम सोडलं असतं. आणि तुझ्याजवळ तर निदान एक राग होता. माझं ऐकलं नाही, हा राग. मला वाटलं, राहू दे. त्यावर माणूस जगतो. मला तर तेवढाही नव्हता."

ड्राफ्ट्समनला त्या क्षणी साहेबांचा गळा धरावासा वाटला, खोटं कशाला सांगायचं? पण समोर सत्त्याऐंशी वर्षांचा आंधळा माणूस होता, आणि त्याची बोटं अजून पंखावरून फिरत होती, मांजराच्या पाठीवरून फिरावीत तशी. सून चहा घेऊन आली. तिनं विचारलं, "बाबा, कसं आहे विमान?" साहेब म्हणाले, "फार सुरेख आहे." चहा पिऊन झाल्यावर साहेबांनी विमान परत द्यायला हात पुढे केला नाही आणि त्यानंही मागितलं नाही. दोघांनाही ते नकोसं झालं होतं की हवंसं, हे त्यालाच कळलं नाही.

जिन्यात तो कठड्याला धरून उभा राहिला. त्यांच्या नियमात एक 'जर' होता. इथे किती घालायचे? नकाशा चुकला नसता तर. तो बरोबर असून मान्य झाला असता तर. वर बसलेल्यांनी आधीच ठरवलं नसतं तर. साहेब एकदा खरं बोलले असते तर. आणि त्या शेवटच्या 'जर'मधून विमान नव्हतंच निघत. निघत होती दुसऱ्या शहरातल्या कॉलेजातली एक खोली, हातात खडू घेतलेली त्याची बायको, आणि तिच्याकडे बघणारी साठ पोरं. साहेबांना वरून कळलं तेव्हा तो तीसच वर्षांचा होता. खरं कळलं असतं तर दोन्ही वेळा तो तिच्याबरोबर गेला असता. हसत गेला असता.

घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती. शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती, बोटांना खडू लागलेला होता.

"रिकाम्या हातानं आलात? ठेवून घेतलं त्यांनी?"

"ठेवून घेतलं."

"आणि?" ती म्हणाली. "काय म्हणाले?"

त्यानं चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या. वर पाहिलं तेव्हा ती अजून तशीच उभी होती, श्वास रोखून. इतकी वर्षं तीही हे वाक्य ऐकायला थांबलेली आहे, हे त्याला त्या घटकेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

"म्हणाले, तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "तुझं ऐकलं असतं तर विमान उडालं असतं."

ती खडूची बोटं तोंडावर धरून खाली बसली, आणि चाळीस वर्षांत त्यानं पाहिलं नव्हतं तसं रडली. मग पदरानं डोळे पुसून हसली.

"मला वाटायचं, मी वेड्यासारखी थांबले," ती म्हणाली. "कुणाला सांगायची सोय नव्हती. तुम्हालाही नाही. मग आपण उगाच नव्हतो थांबलो ना?"

"नाही," तो म्हणाला. "उगाच नव्हतो."

"पुन्हा सांगा बरं, कसं म्हणाले ते? अगदी शब्दन् शब्द सांगा. लेकीला फोन लावते, तिलाही ऐकू दे."

तिनं फोन लावला, आवाज मोठा केला आणि दोघांच्या मधे टेबलावर ठेवला. पलीकडून मुलगी म्हणाली, "बोला बाबा." आणि ड्राफ्ट्समन पहिल्यापासून सांगू लागला.