सुभद्राचे बाहेरचे दिवस

"काढून टाका ते, नर्सबाई. आता माह्यानं होत नाही."

पार्बताबाईने सुनेला बाकावर बसवलं आणि स्वतः दाराशी भिंतीला टेकली. चतुराबाईने हातातली सिरिंज उकळत्या पाण्यात सोडली. भातकुलीच्या रस्त्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात दिवस राहू नयेत म्हणून बसवलेला लूप काढून मागणारी ही आठवड्यातली तिसरी बाई. सहासष्ट साल होतं. बसवायच्या वेळी सरकारी शिबिराचा मंडप घातला होता, जीप आली होती, साहेबांनी चारचारदा आकडा विचारला होता. काढायच्या वेळी मात्र एकटी चतुराबाई.

सुभद्राला तो आकड्यासाठी बसवलेला नव्हता. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिला क्षय निघाला. त्याच्या नव्वद सुया चतुराबाईनेच टोचल्या होत्या. गोळ्या अजून वर्षभर चालायच्या होत्या, आणि एवढ्यात पुन्हा दिवस गेले तर बाई हाती लागायची नाही, असं डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून सांगितलं होतं.

"तरास काय हाय?" चतुराबाईने विचारलं.

"पंधरा-पंधरा दिस अंगावरून जाते तिच्या. आमच्या घरी पाळतेत, तुमाले ठाव हाय. ते ढोरायच्या कोठ्यात बसते आन् मी बुढी चुलीपुढं. भाकरी मी थापू, पानी मी भरू, पोट्टे मी पाहू? मले तवा बी नीट दिसत नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. म्हातारीच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं, कमरेतून ती वाकली होती. चतुराबाईला तिचा राग येईना. वीस वर्षांच्या नोकरीत अशा किती सासवा पाहिल्या. हल्ली कोणाचाच राग येत नाही, याचाच तिला कंटाळा आला होता.

तिने सुभद्राला पडद्यामागे नेलं. "तुले काय वाटते? तू सांग."

"कोठ्यात बसतो तेवढंच अंग टेकते, बाई," सुभद्रा हळू आवाजात म्हणाली. "नाही तं पहाटपासून वांगे तोडा, मेथीच्या जुड्या बांधा, मंग सैपाक."

"मंग असं करू. काढलं म्हनून मी बाहेर सांगतो. तू काई बोलू नको."

सुभद्राने मान हलवली. "मंग चूल मलेच करा लागन. अंगावर जात असताना देवाचा निवद कसा शिजवू? तुमचं बरं हाय. तुमी देव सोडले."

छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याला दहा वर्षं झाली होती. बरं होतं की नाही, यावर बोलण्याचं त्राण आज चतुराबाईत नव्हतं.

"काढा," सुभद्रा म्हणाली. "होईन ते होईन."

चतुराबाईने चिमटा उचलला आणि परत ताटलीत ठेवला. ती पडदा सारून बाहेर आली.

"काढतो मी. पन एक ध्यानात ठेवा, पार्बताबाई. हे निघालं का वर्षाच्या आत सुभद्रा गेली समजा. मंग बारा महिने भाकरी तुमालेच थापा लागन. तीन पोट्ट्यायच्या आन् लेकाच्या."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाला असं कोणी बोलतं का?

पार्बताबाईने "चाल वो" म्हणून पडद्यामागच्या सुनेला उठवलं आणि दोघी उन्हातून निघून गेल्या.

आता कोण्या दाईला गाठतील आणि दोरा ओढून लूप काढून घेतील, हे चतुराबाई धरूनच चालली. आठ दिवस तिने मनाला हेच सांगितलं, की आपण सांगायचं ते सांगितलं. नवव्या दिवशी महिन्याच्या गोळ्या द्यायच्या होत्या, म्हणून ती चालत त्यांच्या मळ्यावरच्या घरी गेली.

त्या घरात चतुराबाईला कोठ्याच्या उंबऱ्यापर्यंतच जाता येई. बाहेर बसलेल्या सुनेची जागाही तीच. सुभद्रा गोणपाटावर आडवी होती. तिला पाहून उठून बसली.

"काढून घेतलं?"

"नाही."

"अजून जाते अंगावर?"

"सहा दिस झाले थांबून."

"मंग इथं कावून बसली?"

सुभद्राने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "न्हाऊन चुलीपुढं गेलो तं आत्याबाईनं हाकललं. म्हने, मी सांगन तवा उठजो. साऱ्यायले सांगते, अजून बाहेरच हाय म्हनून. घरधन्याले बी तेच सांगतलं."

चतुराबाईने गोळ्यांची पुडी सुभद्राच्या हातात दिली.

धुरातून पार्बताबाई ताटली घेऊन आली आणि सुनेपासून तीन हातांवर ती ठेवून मागे सरली. भाकरी एका कडेने जळली होती. म्हातारीच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा फोड फुटून ओला झाला होता. चतुराबाईने पिशवीतून मलमाची डबी काढली.

"आना हात इकडं."

"शिवू नका. अजून चार भाकरी राहिल्या."

चतुराबाईने डबी उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवली आणि ती दोन पावलं मागे सरली. पार्बताबाई वाकली. डबी नेमकी कुठे आहे ते तिला दिसेना, ती हाताने जमीन चाचपू लागली, आणि चतुराबाई लांबूनच सांगत राहिली, "डावीकडं. अजून थोडं डावीकडं."